फिल्म मारली म्हणजे काच फुटत नाही का?

प्रश्न : राजारामपुरीत आमचे मोबाइलचे दुकान आहे. पुढची बाजू सगळी काचेची. परवा एक विक्रेता आला आणि सोबत आणलेल्या काचेच्या तुकड्यावर त्याने आमच्यासमोर हातोडा घातला. काच तडकली, पण भोक पडले नाही. 'ही फिल्म मारून घ्या, मग चोराची काय बिशाद आत यायची,' असे तो म्हणाला. शेजारचे दुकानदार म्हणतात, काचेला फिल्म लावायला कोर्टाची बंदी आहे, पोलीस दंड करतील. आमच्या वडिलांचे म्हणणे, शटर असताना ही थेरं कशाला? तिघांत खरे कोणाचे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वडिलांचे पुष्कळसे खरे, विक्रेत्याचे अर्धे, आणि शेजाऱ्यांचे दुकानापुरते तरी अजिबात नाही. सोपे आधी उरकून टाकू, म्हणून शेजाऱ्यांपासून सुरुवात करतो.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे खरा. २७ एप्रिल २०१२ रोजी तो लागला, पण तो मोटारींच्या काचांबद्दल. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०० क्रमांकाच्या नियमानुसार गाडीच्या पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. या काचांवर वरून कुठलीच फिल्म चिकटवू नये, असे न्यायालयाने तेव्हा सांगितले. त्यानंतर चौकाचौकात पोलीस काळ्या फिल्म सोलताना दिसू लागले आणि 'फिल्म म्हणजे बेकायदा' हे लोकांच्या डोक्यात पक्के बसले. तुमच्या दुकानाला चाके नाहीत, तेव्हा हा नियम तुम्हाला लागू नाही.

मात्र त्या निकालामागची काळजी दुकानदारानेही ध्यानात ठेवावी. काळ्या काचेआड काय चालले आहे ते बाहेरून दिसत नाही, ही ती काळजी. रात्रगस्तीच्या पोलिसाला किंवा समोरच्या पानटपरीवाल्याला तुमच्या दुकानात कोणीतरी हालचाल करतेय हे दिसावे, यातच तुमचा फायदा आहे. म्हणून सुरक्षेसाठी फिल्म घ्यायची तर ती पारदर्शक घ्या. आरशासारख्या फिल्मबद्दल 'आतून बाहेरचे दिसते, बाहेरून आतले दिसत नाही' असे सांगतात, ते फक्त दिवसा खरे असते. अशी फिल्म दोन्ही बाजूंनी सारखीच वागते. जिकडे उजेड जास्त, तिकडच्या माणसाला आरसा दिसतो. रात्री आत दिवा आणि बाहेर अंधार असला की सगळा मामला उलटतो आणि रस्त्यावरच्याला तुमचा गल्ला स्वच्छ दिसतो.

आता विक्रेता. त्याने दाखवले ते खरे होते, सांगितले ते चूक. फिल्म लावलेली काच फुटते. बिनफिल्मच्या काचेइतकीच फुटते.

कारण असे. काच दाब उत्तम सोसते, ताण मात्र तिला झेपत नाही. बाहेरून दगड बसला की ती किंचित आत वाकते. तेव्हा तिची बाहेरची बाजू दाबली जाते आणि आतली ताणली जाते. डोळ्याला गुळगुळीत दिसणाऱ्या काचेवर बारीक चरे असतातच. आतल्या बाजूचा असा एखादा चरा ताणाने उघडतो आणि तिथून तडा धावत सुटतो. फिल्म असते एक दशांश ते तीन दशांश मिलिमीटर जाडीची. जाड काचेला वाकण्यापासून अडवायची ताकद तिच्यात कुठली? फरक पडतो तो काच फुटल्यानंतर.

ही फिल्म पॉलिएस्टरची असते आणि काचेच्या आतल्या बाजूला जाड गोंदाच्या थराने चिकटवलेली असते. पॉलिएस्टरचा गुण हा, की ते तुटण्याआधी भरपूर ताणले जाते, जवळजवळ मूळ लांबीच्या दुपटीपर्यंत. काचेचे तुकडे तिला चिकटून जागच्या जागी राहतात. पहिल्या घावात चोराला भोक मिळत नाही, नुसती जाळी दिसते. तो दुसरा घाव घालतो, तिसरा घालतो. तेवढ्याच जागी मारत राहिला तर तुकड्यांच्या धारांनीच फिल्म चिरायला लागते, मग हात जाईल एवढे भोक पडते, मग ते वाढवावे लागते, आणि ते वाढवताना काचेच्या कडा त्याच्याच हातात घुसतात. थोडक्यात, जे काम काही सेकंदांचे होते ते लांबते आणि आवाजाचे होते. विकत मिळतो तो एवढाच जादा वेळ. 'चोराची काय बिशाद' हे विक्रेत्याच्या पदरचे.

जाडीच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. विक्रेते कधी 'आठ मिलची फिल्म' म्हणतात आणि ऐकणाऱ्याला ते आठ मिलिमीटर वाटते. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन. आठ मिल म्हणजे सुमारे २०० मायक्रॉन, अर्थात पाव मिलिमीटरही नाही. नुसत्या ऊन अडवणाऱ्या फिल्म २५ ते ५० मायक्रॉनच्या असतात. त्या चोरीसाठी निरुपयोगी. १०० मायक्रॉनची फिल्म फुटलेले तुकडे अंगावर येऊ नयेत म्हणून ठीक. घुसणाऱ्याला थोपवायचे असेल तर २०० आणि त्याच्या पुढचीच भाषा करावी. बिलावर मायक्रॉनचा आकडा लिहून घ्या, 'हेवी क्वालिटी' या शब्दांवर भागवू नका.

आता तो हातोडा. विक्रेत्याचा तुकडा लहान होता आणि चारही बाजूंनी चौकटीत घट्ट आवळलेला होता. तुमच्या दुकानाची काच किती मोठी? आणि ती कशात धरलेली आहे? बहुतेक दुकानांत काच ॲल्युमिनियमच्या सेक्शनमध्ये रबराच्या बीडिंगने बसवलेली असते. फिल्म नंतर लावतात, म्हणून ती बीडिंगच्या कडेशीच थांबते, सेक्शनच्या आत जात नाही. म्हणजे फिल्मने काच धरली, पण फिल्मला कोणी धरले? खरी गोम इथे आहे, आणि विक्रेते नेमके तिथेच घाईत असतात.

त्यातून आजकालच्या दुकानांचे दरवाजे आणि मोठ्या काचा 'टफन' असतात. ही काच सहाशे अंश सेल्सियसच्या वर तापवून तिच्यावर गार हवेचे झोत सोडतात. बाहेरची कातडी आधी घट्ट होते, गाभा मागाहून निवतो आणि निवताना कातडीला आत खेचतो. त्यामुळे पृष्ठभागावर कायमचा दाब राहतो, आणि आधी हा दाब संपल्याशिवाय ताण लागू होत नाही. म्हणूनच ही काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत. पण हाच कोंडलेला ताण एकदा मोकळा झाला की अख्ख्या काचेचे क्षणात बारीक दाणे होतात. ते दाणे बोथट असतात, म्हणून माणूस चिरला जात नाही. सुरक्षित काच म्हणतात ती याच अर्थाने. चोराच्या दृष्टीने मात्र सोय अशी, की एका टोकदार घावात सगळा रस्ता मोकळा.

अशा काचेवर फिल्म असली तर दाणे फिल्मला चिकटून राहतात, पण त्या दाण्यांत उभे राहायचा ताठा उरत नाही. अख्खा पडदा ओल्या गोधडीसारखा लोंबतो आणि एका लाथेत चौकटीतून सुटून आत पडतो. साध्या काचेचे उलट. तिचे लांबट मोठे तुकडे एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे फिल्मसकट ती चौकटीत बऱ्यापैकी टिकून राहते. मुळात जास्त मजबूत असलेली काच फिल्म लावल्यावर आधी निसटते, हे पुष्कळांना पटत नाही, पण आहे तसेच. आपली काच कुठली हे पाहायचे तर कोपऱ्यात बारीक ठसा शोधा. टफन काचेवर बहुधा कंपनीचा शिक्का उमटवलेला असतो.

यावर उपाय आहे. फिल्मच्या चारही कडा आणि ॲल्युमिनियमचा सेक्शन यांच्यामध्ये बांधकामासाठीच्या मजबूत सिलिकॉनची पट्टी भरतात, किंवा कडेने धातूची पट्टी स्क्रूने आवळतात. मग फुटलेला पडदा चौकटीला लटकून राहतो. सिलिकॉनही साधे, बेसिनभोवती भरतात ते नव्हे. हे काम केल्याशिवाय जाड फिल्मला अर्थ नाही, आणि ते केल्याशिवाय 'काम पूर्ण' म्हणणाऱ्याला पैसे पूर्ण देऊ नका. वर-खाली नुसते स्टीलचे चाप आणि खाली फ्लोअर स्प्रिंग असलेला बिनचौकटीचा काचेचा दरवाजा असेल, तर फिल्मची कड बांधायला जागाच नसते. तिथे फिल्मने कोणी चिरला जाणार नाही एवढेच होईल. चोर त्या दाराने येईल, बाजूच्या फिल्म मारलेल्या काचेकडे बघणारही नाही.

ताकद मोजायला मोजमापे आहेत. युरोपच्या ईएन ३५६ या मानकात ४.११ किलोचा पोलादी गोळा काचेवर तीनदा टाकतात. पहिल्या पायरीला दीड मीटरवरून, दुसरीला तीन, तिसरीला सहा आणि चौथीला नऊ मीटरवरून. पाचवीला नऊ मीटरवरूनच नऊ वेळा. त्याच्या वरच्या पायऱ्यांना गोळा पुरत नाही, कुऱ्हाडीचे घाव मोजतात, आणि सर्वांत वरच्या पायरीला सत्तरहून जास्त. चिकटवलेल्या फिल्मचे काम बहुधा खालच्या पायऱ्यांवर संपते. आणि दाखला फिल्मला मिळत नाही. अमुक जाडीची काच अधिक अमुक फिल्म, या जोडीला मिळतो. विक्रेत्याने कागद पुढे केला तर त्यातली काच तुमच्या काचेसारखी आहे का, तेवढे पाहा.

दुकान नव्यानेच बांधत असाल तर फिल्मच्या भानगडीत पडण्यापेक्षा लॅमिनेटेड काच बसवा. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर असतो, ०.३८ मिलिमीटर किंवा त्याच्या पटीत, आणि तो काचेबरोबर सेक्शनच्या आतपर्यंत जातो. कडा बांधायचा प्रश्नच उरत नाही. एसटीची पुढची काच दगड लागून जाळी होते पण ड्रायव्हरच्या मांडीवर येत नाही, ती हीच. एदुआर बेनेदिक्ट्यूस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून १९०३ मध्ये एक चंबू पडला, फुटला, पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा वाळलेला थर होता. त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. बसवलेली काच काढून टाकणे परवडत नाही, तिथे फिल्म हा दुय्यम पण व्यवहारी मार्ग.

आता वडिलांकडे येऊ. आपल्याकडच्या चोरीच्या बातम्या काढून पाहा, त्यात 'काच फोडून' पेक्षा 'शटर उचकटून' हे शब्द जास्त भेटतील. पूर्वी दुकानांना लाकडी फळ्या असत, मग शटर आले, आणि चोरांच्या हाती कटावणी आली. रुंद शटरला दोन्ही टोकांना कुलपे असतात आणि मधे काहीच नसते. पत्रा मधोमध वाकतो, आणि माणूस सरपटत जाईल एवढी फट झाली की काम भागते. ज्याचे शटर काचेच्या बाहेर आहे, त्याने पहिला रुपया शटरच्या मधल्या कुलपावर खर्च करावा. ते फिल्मपेक्षा स्वस्त आणि जास्त कामाचे. फिल्म त्यामागचा दुसरा अडसर. मात्र रात्रीही माल झगमगत दिसावा म्हणून ज्यांनी शटरच काढून टाकले आहे, त्यांना काच हीच भिंत. त्यांच्यासाठी फिल्म चैनीची नाही, गरजेची. तुमच्याकडे शटर आहे, पण ते काचेच्या आत आहे की बाहेर, हे तुम्ही कळवलेले नाही. आत असेल तर काच रात्रभर उघडीच आहे, असे धरून चाला.

फिल्म कुठे उपयोगी आणि कुठे नाही, हे पाहायला आपल्या भागातला जून २०२३ चा एकच आठवडा पुरेसा आहे. ४ जूनला सांगलीत मिरज रस्त्यावर रिलायन्स ज्वेल्सवर भरदिवसा सशस्त्र दरोडा पडला. ७ जूनला कोल्हापूर बंदच्या वेळी शहरात दगडफेक झाली. दुसऱ्याच दिवशी बालिंग्यात कात्यायनी ज्वेलर्सवर दरोडा पडला, गोळीबार झाला. सराफाच्या दुकानात दिवसा शिरणारा दरोडेखोर गिऱ्हाईक येते त्याच दाराने येतो. त्याच्यापुढे जगातली कुठलीही फिल्म काय करणार? गोळीपुढे तर तिचा काहीच पाड लागत नाही. गोळी अडवणारी काच ही अनेक जाड थरांची वेगळीच वस्तू आहे, तिची मानकेही वेगळी. दगडफेकीत मात्र फिल्म आपले नाव राखते. रस्त्यावरून आलेला दगड काचेची जाळी करतो, पण तुकडे काउंटरमागच्या पोराच्या डोळ्यांत जात नाहीत, आणि फुटक्या काचेतून हात घालून माल उचलायची संधी जमावातल्या हौशांना मिळत नाही. ती काच पुढे बदलावी लागतेच, पण दुकान रात्रभर उघडे पडत नाही.

खरे सांगायचे तर दुकानदाराला हिचा रोजचा उपयोग चोरापेक्षा गर्दीसाठी जास्त. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला लोटणारी गर्दी महाद्वार रोडवर काचांना रेटा देत सरकते. त्यात जुन्या दुकानाची साधी काच फुटली तर सुरीसारखा तुकडा वरून येतो. फिल्म तो तुकडा धरून ठेवते. शिवाय चांगली फिल्म जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवते. साड्यांच्या किंवा चपलांच्या दुकानाला याचे मोल आहे, कारण पश्चिमेच्या उन्हात शोकेसमधला रंग विटतो. विटणे मंदावते, थांबत नाही. साधा उजेड आणि उष्णताही रंग खातातच.

बसवण्याबद्दल थोडेसे. फिल्म आतल्या बाजूने, साबणाच्या पाण्यावर सरकवत बसवतात आणि रबरी पट्टीने पाणी ओढून काढतात. तरी थोडे पाणी आत राहतेच. त्याने काच काही दिवस दुधाळ दिसते, बारीक फुगे दिसतात, आणि गिऱ्हाईक विक्रेत्याला फोन करून भांडते. भांडू नका. ते पाणी हळूहळू निघून जाते, पण जाड फिल्मला महिना, कधी त्याहून जास्त लागतो, आणि गोंद पूर्ण धरतो तोही तेव्हाच. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे आणखी लांबते, म्हणून काम दसऱ्यानंतर काढलेले बरे. नंतर तिच्यावर 'सेल'चे कागद सेलोटेपने चिकटवू नका आणि डाग ब्लेडने खरवडू नका. मऊ फडके आणि साबणाचे पाणी पुरते. अमोनिया असलेले क्लीनर टाळा.

मिळालेला जादा वेळ कोणी ऐकले तरच कामाचा, म्हणून फिल्मबरोबर सायरन हवाच. इथे एक बारीक गोष्ट फिटरही विसरतात. काच फुटल्याचा आवाज ओळखून वाजणारा सेन्सर तुमच्याकडे असेल, तर फिल्ममुळे तो खळकन आवाज दबतो आणि सेन्सर गप्प राहू शकतो. फिल्म बसवल्यावर तो पुन्हा तपासून घ्या, किंवा काचेला धक्का बसताच वाजणारा सेन्सर लावा.

विम्याची पॉलिसी काढून वाचा. दुकानदारांच्या विम्यात शोकेसच्या काचेचे कलम बहुधा वेगळे असते, आणि चोरीच्या कलमात जबरदस्तीने घुसल्याच्या खुणा मागतात. फुटलेली काच घाईने काढून टाकू नका. आधी फोटो, पोलिसांचा पंचनामा, विमा कंपनीला फोन, मग झाडू. फिल्म लावली म्हणून हप्ता आपोआप कमी होईल असे समजू नका. विचारून मात्र पाहा.

आणि सर्वांत आधी सांगायला हवी होती ती गोष्ट. दुकानात रात्री माल राखायला कोणी झोपत असेल, तर आग लागल्यावर तो काच फोडून बाहेर येईल असे आपण गृहीत धरतो. फिल्म चोराला अडवते तशीच त्यालाही अडवते, आणि बाहेरून मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या जवानालाही. तेव्हा आतून बिनकिल्लीने उघडणारे एक दार आधी करून घ्या, आणि फिल्मवाल्याला त्यानंतर फोन करा.